लॅमिनेट केलेली सही

जगातली कोणतीही वस्तू विकली की ती आपली राहत नाही. याला अपवाद स्कूटरचा. स्कूटर विकल्यावर फक्त दारातून जाते. नावावरून जायला तिला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. ही व्यवस्था अत्यंत योग्य आहे. ज्या यंत्राला वर्षानुवर्षे किका मारून आपला गुडघा कामातून गेला, त्याच्याशी असलेले नाते एका दुपारी तुटावे, हे कोणत्याही सुसंस्कृत शासनाला पटणार नाही.

आमच्या भाऊजींचेच, म्हणजे ताईच्या यजमानांचे उदाहरण घ्या. भाऊजी ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. क्लच कधी सोडायचा, हे अर्ध्या शहराला त्यांनी शिकवले आहे. तीस वर्षांत त्यांनी एकदाही सिग्नल मोडलेला नाही. स्वतःच्या फाटकातून आत वळतानाही ते हात दाखवतात (फाटक दखल घेत नाही). अशा माणसाच्या नावावर गेल्या दोन वर्षांत त्रेचाळीस गुन्हे नोंदले गेले. उलट्या दिशेने जाणे, तिघांना बसवणे, एकदा तर बागेतल्या कारंज्याला प्रदक्षिणा. सगळे कॅमेऱ्याने टिपलेले. नंबर भाऊजींच्या स्कूटरचा; चालवणारा मात्र फोटोगणिक वेगळा, आणि प्रत्येक जण मजेत.

ही स्कूटर भाऊजींनी सहा वर्षांपूर्वीच विकली होती. हस्तांतरणाचा फॉर्म त्यांनी प्रचलित पद्धतीने भरला, म्हणजे खाली सही केली आणि बाकी सगळे कोरे ठेवले. आयुष्यात त्यांनी मोडलेला हा एकमेव नियम, आणि तोही भिडेपोटी. या पद्धतीला लोक उगाच नाके मुरडतात. एका पाहणीनुसार (पाहणी मी केली, माणसे चार, पैकी एक झोपलेला) शंभर टक्के जागे नागरिक असाच व्यवहार करतात. त्यातून खरेदीदार घरचा असला की प्रश्नच मिटला. "घरातल्या घरात कसली आलीय घाई? नाव नंतर टाकू," असे म्हणायचे आणि किल्ली खिशात घालायची. नंतर नाव टाकले जात नाही, कारण नंतर स्कूटर पुढच्याला विकायची असते.

पहिल्या खरेदीदाराने ती नळदुरुस्तीवाल्याला विकली, त्याने एका न्हाव्याला आणि न्हाव्याने एका शिंप्याला. प्रत्येकाने स्कूटरबरोबर भाऊजींच्या सहीचा कोरा फॉर्मही इमानेइतबारे पुढे दिला. शिंपी नीटनेटका माणूस. (त्याचे मुलगे, पुतणे आणि भाचे तितके नीटनेटके नाहीत, फोटोंत तेच आहेत.) फॉर्म घडीवर फाटायला आलेला पाहून त्याचा जीव हळहळला आणि त्याने तो लॅमिनेट करून घेतला. तेव्हापासून भाऊजींच्या सहीला पाणी, तेल आणि वाळवी यांपासून कायमचे अभय मिळाले आहे. आता त्या फॉर्मवर कुणाचेही नाव लिहिता येत नाही, एवढा किरकोळ दोष सोडला तर.

त्रेचाळिसाव्या गुन्ह्यानंतर भाऊजींचे लायसन्स स्थगित झाले. सोबत नोटीस आली: महिन्याभरात स्कूटर नावावरून उतरवा, अन्यथा ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना रद्द. भाऊजींनी गल्लोगल्ली फिरून शिंपी शोधला आणि त्याला स्कूटरसकट कार्यालयात नेले. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म उजेडात धरून पाहिला.

"छान केलंय," त्या म्हणाल्या. "आता खरेदीदाराचं नाव भरा."

भाऊजींनी भरले. शाई ओघळून शिंप्याच्या शर्टावर गेली.

"बाई, मी नवीन फॉर्म भरतो ना. हे खरेदीदार इथेच आहेत. स्कूटर खाली उभी आहे."

"यांना तुम्ही विकली का?"

"नाही."

"मग यांच्या नावावर कशी करणार? ज्याला विकलीत त्याला आणा. त्याने येऊन सही केली, की पुढचं ओळीने होतं. पाच मिनिटांचं काम आहे."

"आणि तो नाहीच आला तर?"

"मग अवघड आहे. मालक मयत असेल तर मात्र सोपं. तीन नंबरची खिडकी. तिथे गर्दी नसते."

भाऊजी नियमाने वागणारे. त्यांनी विचारले, "त्यासाठी मी स्वतः यायचं का?"

"छे. स्वतः आलात तर अर्ज फेटाळतील."

सध्या भाऊजी घरातल्या बैठकीच्या खोलीत वर्ग घेतात. खुर्चीवर विद्यार्थी बसतो, त्याच्या हातात जुने स्टिअरिंग, पायांखाली तीन विटा: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. भाऊजी शेजारच्या स्टुलावर बसून "ब्रेक!" म्हणून ओरडतात आणि विद्यार्थी वीट दाबतो. या पद्धतीत अपघातांचे प्रमाण शून्यावर आले आहे. विद्यार्थ्यांचेही येत आहे. परवा फक्त एक आला होता, तोही उरलेली फी परत मागायला.

काल मला भाऊजींचा फोन आला. "अरे, शुक्रवारी मुदत संपतेय. अर्ध्या दिवसाची रजा टाकशील? मी गाडी घेऊन येतो तुला न्यायला..." मग ते थांबले. "नाही, गाडी नको. रिक्षाने येतो."

होय, पहिला खरेदीदार मीच. मला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. आणि एवढे वाईट वाटून घेतल्यावर जरा बरेही वाटले. मी म्हणालो, "भाऊजी, या आठवड्यात जरा गडबड आहे. पुढच्या आठवड्यात नक्की."

तुम्हाला माझा राग आला असेल. येऊ द्या. पण तुम्हीही कधी कुणाकडून जुनी गाडी घेतली असेलच. तिचे कागद काढून मालकाच्या रकान्यात कुणाचे नाव आहे, ते पाहा. तो माणूसही कुठल्याशा खिडकीसमोर तुमची वाट पाहत बसला असेल. त्याला निदान एक फोन करा. "पुढच्या आठवड्यात नक्की" एवढे सांगायला अर्धे मिनिटही लागत नाही.