ढगातल्या सुळक्यावरचे कोठार

मुलांनो, एका जंगलात सगळ्यांना सगळे आठवत असे; फक्त प्रत्येकाला वेगवेगळे. म्हणून साळूबाई नावाची एक साळिंदर सगळ्यांचे ऐकून घेई आणि काट्याने पानांवर कोरून ठेवी. कुठली फळे विषारी, पूर कुठवर चढतो, कोरड्या वर्षी पाणी कुठे मिळते.

तिची एक रीत होती. प्रत्येक गोष्ट ती तिघांना विचारी आणि तीन पाने ठेवी. "एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही," ती म्हणे.

पाने उंबराच्या ढोलीत असत. ढोली लहान होती. तिला वाळवी लागली होती, हेही खरे.

एक दिवस सिंहमहाराजांच्या कानावर आले की, शेजारच्या जंगलाने आपले पानांचे कोठार ढगातल्या सुळक्यावर नेले. झाले! महाराजांना शिकार गोड लागेना.

मग कोठार वर नेऊन देणारे तीन बगळे आले. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे.

"वर वाळवी नाही, वणवा नाही," थोरला बगळा म्हणाला. "कुठूनही हाक मारा, पान खाली येईल."

"सुळका कुणाचा आहे?" साळूबाईने हळूच विचारले.

"ते ढगाआड आहे, मावशी."

महाराजांना हे उत्तर फार खोल वाटले.

बगळे ढोलीत डोकावले आणि त्यांनी चोची मुरडल्या. "एकेका गोष्टीची तीन-तीन पानं? केवढा हा पसारा! पहिली ओळ सारखी असेल तर एक ठेवा, दोन टाका."

"अहो, पण खालच्या ओळी निराळ्या आहेत!"

"मावशी, खालच्या ओळी वाचत बसलो तर दिवाळी उजाडेल."

करवंदीच्या दरीविषयीही तीन पाने होती. मोराचे सुबक होते, ते वर गेले. रानडुकराचे चिखलाने माखलेले आणि घोरपडीचे फाटके पान ओढ्यात गेले. आठ दिवसांत काम आटोपले. ढोली वाळवीला आंदण मिळाली.

पुढच्या उन्हाळ्यात ओढा आटला. तळे आटले. साळूबाईची दोन पिल्ले जिभा बाहेर टाकून पडून राहिली.

महाराजांनी वर तोंड करून हाक मारली, "पाणी कुठे?"

पान लगेच आले. मोराचे. 'करवंदीच्या दरीत पाणी आहे. दरी अतिशय देखणी आहे.'

सारे जंगल दरीकडे धावले. दरी देखणी होती. पाणी नव्हते. महाराज उजव्या अंगाने पुढे गेले आणि पोटापर्यंत चिखलात रुतले.

साळूबाई रानडुकराकडे पळाली. "डुकरभाऊ, या दरीविषयी तुम्ही काय सांगितलं होतं?"

"लिहून घेतलं होतंस की!"

"घेतलं होतं."

"मग?"

"आवरलं."

डुक्कर फुरफुरले. "पाणी वरून दिसत नाही, बाई. मोठ्या जाळीखाली हातभर उकरावं लागतं."

बिळातून घोरपड ओरडली, "आणि डावीकडून जा! उजवीकडे चिखल आहे, मी सांगितलं होतं!"

साळूबाई डावीकडून गेली. तिने उकरले, डुकराने उकरले. पाणी आले. पिल्ले प्यायली, उठून बसली आणि लगेच भांडू लागली.

हत्तीने महाराजांना ओढून काढले. महाराज पोटभर पाणी प्यायले, आयाळ झटकली आणि म्हणाले, "पाहिलंत? एक हाक मारली आणि पान हजर! बगळ्यांचा सत्कार करा. आणि साळूबाई, एवढं साधं तीन पानांत कशाला लिहिलं होतंस? केवढा गोंधळ झाला!"

साळूबाईला सत्काराचे हार ओवायचे होते. जंगलात टोकदार काटे तिच्याकडेच होते.

तात्पर्य : पसारा जपणाऱ्याला तहान लागल्यावर विचारतात, पसारा फेकणाऱ्याला हार घालतात. म्हणून मुलांनो, शहाणे असाल तर मोठेपणी बगळे व्हा. फक्त शेजारी एखादे डुक्कर राहत असल्याची खात्री करून घ्या.