बाहेरची बाजू

मोहितेदादा कुणाच्याही समोर सरळ चालत येत नाहीत. ते तिरके येतात. गुडघे थोडे वाकलेले, दोन्ही हात अंगापासून जरा लांब, आणि नजर समोरच्याच्या तोंडावर नाही, कमरेवर. ज्याला हे माहीत नसतं तो घाबरतो. मीही घाबरले होते.

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमन गावातल्या या इमारतीत मी राहायला आले त्या दिवसाची गोष्ट. दोन बॅगा घेऊन तळघरात सायकली ठेवायच्या खोलीपाशी उभी होते, घराची किल्ली कुठल्या दाराला लागते ते कळत नव्हतं. तेवढ्यात एक पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस भिंतीच्या कडेकडेने सरकत माझ्या दिशेने येऊ लागला. मी बॅगा घट्ट धरल्या. तो चार हातांवर थांबला आणि म्हणाला, "मराठी का?"

मी म्हटलं, "हो. कशावरून?"

"बॅगेला सुतळी बांधलीय."

त्यांनी दोन्ही बॅगा वर नेल्या, पण जिना चढतानाही मला भिंतीकडे ठेवलं आणि स्वतः कठड्याच्या बाजूने चालले. "बाहेरची बाजू आपली," असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, पाठ दुखत असेल.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील गंगाखेडच्या बाजार समितीत हमाली करतात. परदेशात गेल्यावर काय विचारायचं आणि कुणाला, हे सांगणारं मला कुणीच नव्हतं. मोहितेदादांनी मला जुनी सायकल आणून दिली, वळताना हात कसा दाखवायचा ते शिकवलं, नगरपालिकेत नाव नोंदवायला बरोबर आले. त्यामुळे त्यांनी पुढे जे जे करायला सांगितलं त्याला मी नाही म्हटलं नाही. सांगितलेलं सगळं कळलं, असं मात्र म्हणता येणार नाही.

दादा मूळचे कराडचे. नोकरी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका ऑफिसात, कॉम्प्युटरच्या नेटवर्कची. पण जीव अडकलेला अमेरिकन फुटबॉलमध्ये. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात शिरस्त्राणं घातलेली धिप्पाड मुलं एकमेकांवर आदळतात आणि चेंडू लांबट असतो. इथे हौशी लोकांचे संघ आहेत. ऑफिसातला कुणी दादांना एकदा सरावाला घेऊन गेला. दादा तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचे. त्यांनी अर्धा तास खेळ पाहिला आणि म्हणाले, "ही तर पकड आहे. फक्त कपडे जास्त घातलेत." तेव्हापासून ते त्या संघाचे बचावाचे प्रशिक्षक आहेत. त्यांच्या डच मुलांना मराठी इशारे पाठ आहेत, म्हणजे समोरच्यांना कळायला नको. योस्त नावाचा साडेसहा फुटी मुलगा "कडा धर रे" असं इतकं स्वच्छ म्हणतो की माझ्या ऑफिसातल्या मराठी मुलांनाही जमणार नाही.

या वसंतात दादांना एका माणसाने पछाडलं होतं. मे महिन्यात आमच्या मैदानावर खेळायला येणाऱ्या संघाचा सातव्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक. प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. साधा क्वार्टरबॅक जागेवर उभा राहून चेंडू फेकतो. पण हा सातवा पळायचा. फेकायला कुणी मोकळं दिसलं नाही की स्वतःच चेंडू घेऊन कडेने निसटायचा.

"अशाला कसा अडवायचा?" मी एकदा त्यांच्या घरी जेवताना विचारलं. विचारायला नको होतं.

दादांनी मिठाची बाटली ताटांच्या मधोमध ठेवली. "हा सातवा. आता नवशिका काय करतो? सुसाट धावून जातो." त्यांनी एक शेंगदाणा मिठाकडे सोडला, तो टेबलावरून घरंगळत खाली पडला. "गेला. त्याच्या मागे निघून गेला. आणि सातवा कुठे? बाहेर. म्हणून धावून जायचं नाही. कडेच्या दोघांनी बाहेरची बाजू धरायची. आतली जागा देऊ, बाहेरची देणार नाही. मधल्यांनी भिंत हळूहळू पुढे सरकवायची. आणि हा एक," त्यांनी लिंबाची फोड उचलली, "याला काहीच काम नाही. हा हेर. सातवा डावीकडे, हा डावीकडे. सातवा उजवीकडे, हा उजवीकडे. पकडायची घाई नाही. फक्त समोर ठेवायचा. आणि कमरेकडे बघायचं. डोळे फसवतात, खांदे फसवतात. कंबर फसवत नाही."

"मीठ घेऊ का," वहिनी म्हणाल्या, "का ते पळतंय अजून?"

मार्चमध्ये आबा आले. आबा म्हणजे दादांचे वडील. गावाकडे ते थोरल्या मुलाकडे असत. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागला होता. सकाळी धोतर नेसून निघायचे आणि दुपारी तिसऱ्याच गावात सापडायचे. थोरल्याने शेवटी खोलीला बाहेरून कडी लावली. वाईट मनाने नाही, काळजीनेच. पण कडी लागल्यापासून आबा बोलायचे बंद झाले. जेवण पुढे ठेवलं की भिंतीकडे तोंड करायचे. दादा त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे घेऊन आले, आणि विमानतळावरून घरी आल्या आल्या म्हणाले, "इथे कडी लागणार नाही."

 पण डीमनमध्ये जिकडे जाल तिकडे पाणी आहे. रस्त्याला लागून कालवा, मैदानाला लागून चर, आणि कशालाच कठडा नाही. दुसऱ्याच आठवड्यात आबा एकदा निसटले आणि पोलिसांनी त्यांना रेल्वे स्टेशनजवळच्या पुलावरून आणून सोडलं. वहिनींनी त्याच दिवशी दुकानातून एक कडी आणली. पाकीट न फोडता चपलांच्या मांडणीवर ठेवली. "आणखी एकदा हरवले," त्या म्हणाल्या, "तर मी स्वतः ठोकणार. मला तुमचा खेळ कळत नाही. मला ते जिवंत हवेत."

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मीही रात्री पाण्याचाच विचार करत झोपायचे.

मग दादांनी बचाव आखला. पोस्टमन, समोरची डच आजी, कोपऱ्यावरचा तुर्की फळवाला, सगळ्यांना जागा ठरवून दिल्या; आबा दिसले की फक्त कळवायचं, धरायचं नाही, आणि हेर स्वतः दादा, आबांच्या मागे वीस पावलांवर. माझं घर तळमजल्यावर. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, म्हणून मला खिडकी मिळाली. "तू डावा कोपरा," दादा म्हणाले. एवढा मान मला ऑफिसातही कुणी दिला नाही. मी टेबल खिडकीपाशी ओढलं. मीटिंगमध्ये माझी नजर सारखी बाहेर असायची. मॅनेजरला वाटलं, मला घरची आठवण येते.

एकदा आबा खिडकीसमोरून चालत गेले. दादा त्यांच्या मागे वीस पावलांवर असणारच हे मी विसरले. मी तशीच घरातल्या चपलांवर धावत सुटले आणि आबांचा दंड धरला. आबांनी खांदा असा काही झटकला की मी सायकलींच्या लाल रस्त्यावर, आणि ते पलीकडे. चार सायकलींच्या घंटा वाजल्या. आबा म्हणजे त्यांच्या काळातले कबड्डीतले नावाजलेले चढाईपटू, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दादा रागावले नाहीत. "तू आत घुसलीस," म्हणाले. "ते बाहेरून गेले."

त्यानंतर सातव्याच्या संघाशी सामना आला. रविवार, मे महिना, झाडांचा पांढरा कापूस हवेत उडत होता. वहिनी अ‍ॅमस्टेलव्हीनला एका बारशाला गेल्या होत्या. दादांना मैदानावर असणं भाग होतं, म्हणून आबा माझ्याबरोबर लाकडी बाकांवर. ठरलं होतं की आबा उठले तर मी हात वर करायचा आणि मागून चालायला लागायचं. धरायचं नाही. मैदानाच्या कुंपणापलीकडे चर होता, शेवाळाने भरलेला, वरून गवतासारखा दिसणारा. 

आबा मात्र रंगले होते. "पोरी, ह्यात चेंडू कुठंय? नुसती अंगावर पडत्यात एकमेकाच्या."

"तो बघा आबा, सातव्याकडे."

सातवा तेव्हाच कडेने निसटला. आमच्या मुलांनी दादांचं ऐकलं नव्हतं, सगळे धावून गेले होते. आबांनी मांडीवर थाप मारली. "गडी चांगला हाय. पाय बघ त्याचं. ह्याला धरणारा जल्माला यायचाय."

"आबा, तो आपला नाही. दुसऱ्या संघाचा आहे."

"असू दे की. चढाई करणाऱ्याला कसला आलाय संघ. आत गेला की एकलाच असतोय त्यो."

मध्यंतरात दादांनी मुलांना काय सांगितलं ते कळलं नाही, पण त्यांचे हात टेबलावरच्या शेंगदाण्यांसारखे फिरत होते. नंतर दादा मैदानाकडे अर्धी पाठ करून उभे राहिले, आणि खेळ बदलला. योस्तने कडा सोडली नाही. सातवा डावीकडे गेला, थांबला. उजवीकडे गेला, थांबला. आम्ही चार गुणांनी पुढे गेलो. मग अगदी शेवट आला. चेंडू पाहुण्यांकडे, त्यांना कापायचं होतं थोडंसंच अंतर, आणि सातवा गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होता. सगळं मैदान उभं राहिलं.

आबाही उभे राहिले. "चला," म्हणाले, "म्हशी सुटायची येळ झाली."

आणि ते चालू लागले. गर्दीतून, फाटकातून, चराच्या कडेच्या पायवाटेने.

मी हात वर केला. पण कोण बघणार? दीड महिना दादांनी ज्या क्षणाची झोप उडवणारी काळजी केली तो क्षण मैदानात समोर होता. एवढ्या गर्दीत माझा हात त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मी आबांच्या मागे निघाले. पाय धावायला बघत होते, मी त्यांना चालायला लावत होते. आबांचा डावा पाय पाण्यापासून हातभर अंतरावर पडत होता.

तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी तिरकं पुढे गेलं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर संघाची टोपी.

"दादा, सामना—"

"आबांनी चष्मा खिशात घातला तेव्हाच निघालो," ते हळू आवाजात म्हणाले. "चष्मा काढला की ते उठतात."

तेव्हा मला कळलं. मध्यंतरानंतर दादा मैदानाकडे अर्धी पाठ करून का उभे होते ते. "कडा धर" असं ते ओरडत होते सातव्यासाठी, आणि बघत होते आमच्या बाकाकडे. सगळा वेळ.

"धरा ना त्यांना," मी म्हटलं.  "पाणी आहे दादा."

"कंबर बघ," ते म्हणाले. "सरळ आहे. वळायचे नाहीत. मी बाहेरून जातो."

आणि पन्नास वर्षांचा तो माणूस चराच्या अगदी काठावरून, ओल्या गवतातून, बूट अर्धे चिखलात बुडवत, आबा आणि पाणी यांच्या मधल्या जागेत शिरला. तिथून चार हात मागे राहून चालू लागला. आबांनी जरा पावलं उचलली, दादांनी उचलली. आबा थांबले, दादा थांबले आणि बदकांकडे बघू लागले. मागे मैदानात मोठा आवाज उठला. कुणाचा ते कळलं नाही. दादांच्या खिशातला फोन वाजला, बंद झाला, परत वाजला. त्यांनी हात लावला नाही.

पायवाट एका छोट्या लाकडी पुलापाशी संपते. तिथे आबा उभे राहिले. पलीकडे त्यांना न कळणारं सगळं होतं. सपाट हिरवं रान, पवनचक्क्या, अनोळखी गाई. त्यांची मान इकडे तिकडे फिरली आणि खांदे एकदम खाली आले. म्हातारं माणूस भ्यायलं की लहान दिसतं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

मागे दादा होते. गुडघे वाकलेले, हात अंगापासून लांब.

"कोण पाव्हणं?" आबांनी विचारलं.

दादांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "इथलाच आहे," ते म्हणाले.

"कुठं निघालाय?"

"तुम्ही निघालाय तिकडंच."

"मग असं लांबनं कशाला चालताय चोरावानी? या की बरोबर."

दादा जवळ गेले. आबांनी त्यांच्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आणि काठानं चालू नका. नव्या माणसाला पाणी कळत न्हाई." त्यांनी दादांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे कबड्डीत धरतात तसं, सुटता न येणारं. एका हिसक्यात त्यांना आतल्या बाजूला घेतलं आणि स्वतः पाण्याकडून चालू लागले. "असं आतनं चालायचं. माझा धाकटा आसाच हाय. सारखा काठानं पळतोय."

"हो का," दादा म्हणाले.

"लई जपावं लागतंय त्याला."

आबा आता अगदी कडेला होते. पण दादांचा मोकळा हात मला मागून दिसत होता. तो आबांच्या स्वेटरच्या मागे, न टेकता, बोटभर अंतरावर तरंगत होता. बाहेरची बाजू मात्र त्यांनी सोडून दिली होती. मी त्यांना पहिल्यांदाच सरळ चालताना पाहत होते, गुडघे न वाकवता, मनगट सोडवून न घेता.

सामना कोण जिंकलं ते मी संध्याकाळी विचारलं. दादा म्हणाले, योस्तला विचारायला पाहिजे.

वहिनी बारशाहून परतल्या तेव्हा मी वरच होते. त्यांनी दारातूनच दादांचे चिखलाचे बूट पाहिले आणि मला विचारलं, "हरवले होते?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "दोघं बरोबर होते."

त्या आत आल्या. मग आबांची टोपी खुर्चीवरून उचलून, रोजच्यासारखी, चपलांच्या मांडणीवर कडीच्या त्या न फोडलेल्या पाकिटावर ठेवली आणि चहा टाकायला गेल्या.