फरशीवरचा नारळ

स्वयंपाकघराची फरशी गरम झाली, तर देवदत्तच्या पदरात आईचे तीन महिने जास्तीचे पडणार होते. गारच राहिली, तर आई पंधरा डिसेंबरच्या विमानाने साताऱ्याला परत. आईच्या, म्हणजे पद्मिनीबाईंच्या, पायांना अमेरिकेतल्या बॉथेलचा गारठा सोसत नव्हता. स्वयंपाकघरात देव्हारा, म्हणून तिथे चपला बंद. मोजेसुद्धा नाहीत, ते पारोसे.

म्हणून देवदत्तने तीन वीकेंड गुडघ्यांवर बसून जुन्या टाइल्स उखडल्या, तापणारी वायर नागमोडी अंथरली आणि वर नव्या टाइल्स बसवल्या.

"माणूस बोलाव ना," त्याची बायको नेत्रा म्हणाली. "हा कोड नाहीये देव, अनडू नाही करता येत."

"आईसाठी आहे. मीच करणार."

स्विच ऑन करायच्या दिवशी आई म्हणाली, "थांब, आधी नारळ फोडू." देवदत्त फोटोसाठी फोन आणायला धावला. नारळ बाहेरच्या पायरीवर फुटेल, हे त्याने गृहीत धरलं होतं. पण शुभारंभ फरशीचा, तर नारळही फरशीवरच, असं पद्मिनीबाईंचं सरळ गणित. पहिल्या दणक्यात टाइल फुटली, दुसऱ्यात नारळ. पाणी भेगेतून थेट वायरपर्यंत गेलं. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटने 'टूं' केलं आणि लाल दिवा लावला.

"काय म्हणतंय रे ते?" आईचा आवाज एवढासा झाला.

"काही नाही. तापायला वेळ लागेल, म्हणतंय."

दुसऱ्या सकाळी आई अनवाणी ओट्याशी उभी राहिली. "अरे वा! काय छान ऊब आलीय!" आणि तिकीट मार्चचं करून घेतलं.

नेत्राने नवऱ्याला गॅरेजमध्ये गाठलं. "वायर डेड आहे ना?"

"हळू बोल यार! आईला कळलं तर स्वतःलाच बोल लावत बसेल. ती उठायच्या आत मी तुझ्या हेअर ड्रायरने ओट्यासमोरच्या टाइल्स तापवतो. तिला सांगू नकोस."

आठवड्याने मेथी निवडता निवडता सासूबाई कुजबुजल्या, "फरशी माझ्या नारळानेच गेली ना गं? रोज सहाला तो ड्रायर घुं-घुं फिरवतो. मी जागीच असते. आवाज थांबला की ऊब जायच्या आत येऊन उभी राहते."

"मग नंतर पाय नाही दुखत?"

"दुखतात की! पण इतक्या मायेने माझे पाय आजवर कुणी शेकले नव्हते. त्याला सांगू नकोस हं."

नेत्राने दोघांचंही ऐकलं. तिची आंघोळ सहाची आणि ड्रायरही नेमका सहालाच कामावर.

मार्च आला. देवदत्तला आईचे तीन महिने मिळाले, आईला रोज दहा मिनिटांची ऊब. विमानतळावर पाया पडायला नेत्रा वाकली, तशी तिची ओली वेणी पुढे आली.

"हिवाळाभर बघतेय, केस ओलेच!" सासूबाई म्हणाल्या.

"मीही तेच सांगतो," देवदत्त म्हणाला. "घरात ड्रायर आहे की!"

नेत्रा शिंकली.