उडदाची भिंत

मागच्या खोलीच्या भिंतीला सिमेंट नाही, चुन्याचाच गिलावा करायचा, हा निर्णय मी घेतला. आमच्या घरातले निर्णय मीच घेतो. (निस्तरायचं काम माझ्या बायकोकडे, प्रमोदिनीकडे असतं. अशी वाटणी असली की संसार सुखाचा होतो, असं मी बत्तीस वर्षं समजत होतो.)

काशीत मंगला गौरीच्या गल्लीत आजोबांनी घेतलेलं आमचं तीन मजली, अंगानं अरुंद घर आहे. मधल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत ऊन येत नाही आणि आम्ही निजतो तिथंच. पाच वर्षांपूर्वी ओल आली म्हणून त्या भिंतीला मी सिमेंट थापून घेतलं. ओल आतच कोंडली, भिंतीला खाराचा लोणा लागला आणि पापुद्रे गादीवर पडू लागले. प्रमोदिनीचा खोकला तेव्हापासूनचा. शेवटी पुण्याहून आमच्या मुलानं, कुणालनं, फोनवर अट घातली. "बाबा, देवदिवाळीला येतोय. तोवर भिंत सुकली तर ठीक, नाहीतर मकान बेच देंगे. तुम्ही दोघं इकडे या."

"तुझी आई गंगा सोडून एक दिवस तरी राहील का?" मी गरजलो.

त्याची आई शेजारीच उभी होती. तिला विचारायचं राहिलं. (बँकेच्या काउंटरवर हयात गेली. समोरचा काय म्हणणार हे मला त्याच्या आधी कळतं.)

घर वाचवायचं तर चुना. मी मोबाइलवर सात व्हिडिओ पाहिले आणि महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर 'सिमेंट : एक राष्ट्रीय घोडचूक' असा लेखही टाकला. मग चुन्याचं काम जाणणारा म्हातारा झगरू मिस्त्री गाठला. पितृपक्ष तोंडावर होता. त्या पंधरवड्यात कोणी शहाणा माणूस घराचं काम काढत नाही, त्यामुळे झगरू अगदी मोकळा सापडला. माझ्या शहाणपणाबद्दल यातून काय निघतं, ते तुम्हीच ठरवा.

झगरूनं जुनं सिमेंट खरवडून काढलं, गच्चीवर पिंपात कळीचा चुना भिजत घातला आणि सामान सांगितलं. सुर्खी म्हणजे विटांची पूड, गूळ, मेथी, बेलाचा गर आणि भिजवून वाटलेली उडदाची डाळ.

"भिंत जेवायला बसणार आहे का रे?" मी म्हटलं.

त्याला मराठी येत नाही, पण टोमणा कळतो. "बाबूजी, खिलाइब त सौ बरिस खड़ी रही. बस, नमक मत पड़े. एक दाना भी चल गयल, त भीत जिनगी भर रोई."

प्रमोदिनी चहा घेऊन उभी होती. सबंध प्रकरणात तिनं एकच प्रश्न विचारला. "सच में, भैया? एक दाना से?"

"एक दाना से, माताजी."

चुना रोज बांबूनं ढवळायचा होता. ते काम मी प्रमोदिनीवर सोपवलं. (माझी कंबर नाजूक आहे.)

गिलाव्याचा दिवस उजाडला आणि नेमकी त्याच दिवशी आईची श्राद्धतिथी निघाली. श्राद्ध म्हणजे उडदाचे वडे आलेच. प्रमोदिनी पहाटेपासून सोवळ्यात होती. तिनं दोन पातेल्यांत डाळ वाटून ठेवली होती, एक वड्यांची आणि एक भिंतीची. दोन्ही पातेली एकाच लग्नातल्या अहेराची, हुबेहूब सारखी. वरून झगरूनं हाक मारली, मी धावत गेलो, हाताला आलं ते पातेलं उचललं आणि त्याच्या चुन्यात रिकामं केलं. झगरू थापीनं सपासप गिलावा चढवू लागला.

दुपारी पानं मांडली. श्राद्धाला बोलावलेल्या ढुंढिराजशास्त्र्यांनी वड्याचा तुकडा मोडला आणि त्यांचा घास जागच्या जागी थांबला. श्राद्धाच्या अन्नाला नावं ठेवायची नसतात, म्हणून बिचारे पाणी पीत पीत सहा वडे जेवले. मग मी चावा घेतला. वडा ठार अळणी होता.

अळणी डाळ कुठली? भिंतीची! म्हणजे मीठ घातलेली वड्यांची डाळ मी चुन्यात ओतली होती. वर जाऊन पाहिलं तर पुरी भिंत चढली होती आणि झगरू तिच्याकडे मुलगी उजवल्यासारखा पाहत होता. त्याला सांगायची मला हिंमत झाली नाही.

प्रमोदिनीलाही नाही. बायकोचं घर आपल्या हातानं बुडवलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? भिंत आठ दिवसांत रडायला लागली. झगरू रोज येऊन तिच्यावरून हात फिरवी आणि "काहे रोवत हई?" असं तिलाच विचारी. शेवटी येईनासा झाला. त्यानंतर त्यानं थापी कायमची ठेवून दिली, असं पुढं पंचगंगा घाटावर त्याच्या भावानं सांगितलं. "म्हणाला, हात गेला आपला." ते ऐकून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. मी रोज प्रमोदिनी दर्शनाला गेली की टॉवेल घेऊन भिंत पुसायचो, पंखा लावायचो, आणि ती परतायच्या आत टॉवेल गच्चीवर लपवायचो.

देवदिवाळीच्या सकाळी कुणाल आला. बूट न काढता मागच्या खोलीत गेला, भिंतीवर तळवा टेकवला आणि ओला तळवा मला दाखवला. "बस झालं, बाबा. मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

तो अंघोळीला गेला तशी मी प्रमोदिनीपुढं हात जोडले. "माफ कर मला. तुझं घर मी घालवलं. वड्यांची डाळ मीच भिंतीला दिली."

ती तांदूळ निवडत होती. "नाही हो. भिंतीची डाळ भिंतीलाच गेली."

"मग वडे अळणी कसे?"

"भाजी-आमटीपुरतं वाटीत काढलं होतं, वड्यांना बरणीत मीठच उरलं नव्हतं. सोवळ्यात शेजारी कशी मागायला जाणार?"

"बरणी तर भरलेली होती!"

"पहाटे सोवळं नेसायच्या आधी चुना ढवळला, तेव्हा ओतली सगळी."

"सगळी? झगरू तर म्हणाला होता एक दाणा पुरे."

"भिंत तुमची. म्हटलं, कशाला जोखीम घ्या." मग तिला खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. थांबल्यावर म्हणाली, "बत्तीस वर्षं त्या खोलीत निजतेय मी. गंगा सोडवणार नाही, असं सगळ्यांना तुम्ही सांगत सुटलात. मला कधी विचारलंत? झगरूभैयाचं तेवढं वाईट वाटतं. जायच्या आधी त्यांचे पाय धरून सांगेन मी, हात तुमचा नव्हता गेला."

काउंटरच्या पलीकडचं माणूस इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच दिसलं आणि ते माझ्यावर रागावलेलंसुद्धा नव्हतं. त्याचाच जास्त त्रास झाला.

"अगं, पण दोन महिने मी ती भिंत टॉवेलनं पुसत होतो," मी कसाबसा म्हणालो. "निदान तेव्हा तरी सांगायचंस."

"पाहत होते ना, दाराआडून. टॉवेल रोज मीच धूत होते," प्रमोदिनी तांदळातला खडा काढत म्हणाली. "पण लग्न झाल्यापासून घरातलं काही पुसताना पहिल्यांदाच पाहिलं तुम्हाला. ते मोडवेना."