हॉबडेबाईंची पहिली प्रमुख भूमिका

"माझ्या हातनं गेलेली कॅसेट सासू-सुनेनं शेजारी बसून बघावी!" असं रावजी छातीठोकपणे सांगे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आखातात, उम्म अल हस्समच्या व्हिडिओ दुकानात एका मशीनवर पिक्चर लावायचा, दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा आणि कुणाचा पदर ढळला की पॉजचं बटण दाबून तेवढं गाळायचं, ही त्याची नोकरी. ८३ सालापर्यंत बोट इतकं तयार झालं होतं, की नुसता पलंग दिसला तरी दाबलं जायचं! मालक मुख्तारशेठ श्रीवर्धनचे. त्यांनी बजावूनच ठेवलं होतं, "रावज्या, एक तक्रार आली की तुझा व्हिसा खलास!" आणि तिकडे गावी लेकीचं लग्न वैशाखात ठरलेलं.

एक दिवस हॉबडेमॅडम आल्या. नवरा जवळच्याच सित्र्याच्या एका कंपनीत मोठा साहेब. बाई लग्नाआधी लंडनला सिनेमात होत्या. भुतांचे, खुनांचे, उघड्यावाघड्या पोरींचे स्वस्तातले पिक्चर! त्यात बाई, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, कायम घरमालकीण, नाहीतर मोलकरीण.

"शुक्रवारी जेवायला नवऱ्याचे बॉस येणारेत. त्यांना दाखवायला ह्या माझ्या पिक्चरची कॉपी करून दे."

रावजीने केली. म्हणजे त्याला येत होती तशी केली. दीड तासाचा पिक्चर सतरा मिनिटांवर आला! पोरी गेल्या, त्यांना कवटाळणारं पिशाच्च गेलं, पलंग तर झाडून सगळे गेले. उरल्या फक्त गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या हॉबडेबाई, हातात चहाचा ट्रे घेऊन.

शनिवारी मॅडम गाडीतून उतरताना दिसल्या आणि रावजी हात जोडूनच उभा राहिला.

"कुणी केलं हे?"

"मी, मॅडम. चुकलं माझं."

बाईंचे डोळे भरून आले. "अरे, चौदा पिक्चरमध्ये मी नुसती दारं उघडली! काल पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच होते. बॉस उभं राहून टाळ्या वाजवत होते!" त्यांनी काउंटरवर खोकं आदळलं. "हे उरलेले तेरा. अस्सेच करून दे!"

मुख्तारशेठनी तिथल्या तिथे व्हिसा रिन्यू करायचं कबूल केलं. रावजी कामाला बसला. बारा पिक्चर झकास उतरले. एकात तर बाई जिन्यावरून पडून मेल्या, पण अंगभर कपड्यांत! तेरावा मात्र बाईंचा अगदी पहिलावहिला, ऐन विशीतला. रावजीने इमानाने बटण दाबलं ते दाबलंच.

मॅडमनी ती कॅसेट दुकानातच लावून बघितली. पडद्यावर नुसत्या मुंग्या!

"ह्यात मी कुठाय?"

शेठ डोळे वटारून उभे. रावजी मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, ह्यात तुमचं काम फारच मोठं होतं."