विहिरीतली मगर

"पाण्यात डोळं मिटू नगंस पोरी. पाणी दावतंय ते बघून घे."

सातव्या वर्षी मला पोहायला शिकवताना शेजारचे सिकंदरचाचा विहिरीच्या काठावरून म्हणाले होते. मी ते इतकं मनावर घेतलं, की पंचविसाव्या वर्षी घरात जाहीर केलं: मी समुद्राखाली फोटो काढणार, जाळ्यांत गुदमरणारी कासवं जगाला दाखवणार!

आमच्या कडेगावात ऊस उदंड, समुद्र मात्र पाच तासांवर. आई हसली. आप्पा, म्हणजे माझे सुभेदार वडील, काहीच बोलले नाहीत. मालवणच्या समुद्रातल्या प्रशिक्षणाचा अर्ज महिनाभर त्यांच्या उशाशी पडून होता, आणि त्यांच्या होकाराशिवाय माझा पाय घराबाहेर निघणार नव्हता.

अर्जासोबत पाण्याखालचे फोटो हवे होते. मग काय, अंगात काळा पोशाख, पायांत बदकासारखे रबरी पंजे, चेहऱ्यावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी घालून मी आमच्याच विहिरीत उतरले. तळाशी खताच्या पिशव्या, चपला, एक अख्खी खुर्ची! समुद्राचं सगळं दुःख घरच्या घरी. मी पालथी तरंगत फोटो काढू लागले.

डोईवर गवत, गवतावर विळा, अशा मनुकाकी काठाशी थबकल्या. त्यांना दिसली काळी, ओली पाठ. कृष्णेचं पाणी कालव्यानं आमच्या शिवारात येतं, मग मगर का येणार नाही?

घटकाभरात अर्धं गाव गोळा झालं. कुणी उसाच्या ट्रॉलीचा दोर आणला, कुणी वनखात्याला फोन लावला. मगरीला भुलवायला जरिनाभाभींची कोंबडी टोपलीतून खाली सोडली. माझे कान पाण्यात. मला पत्ताच नाही. समोर टोपली दिसली, तिचाही फोटो काढला.

लेक विहिरीत आहे हे ठाऊक होतं एकट्या आप्पांना. मगरीचं नाव ऐकताच ते उसातून धावत आले आणि बुटांसकट त्यांनी उडी टाकली.

एकदा वर आले. एकदा खाली गेले. मग आलेच नाहीत.

मी बुडी मारून त्यांना काखेत धरलं.

"आवं, मगरीनं सुभेदारास्नी धरलं!" वरून मनुकाकी.

पायरीवर आणून मी चेहऱ्यावरचा मुखवटा काढला, तेव्हा गावाचा जरा हिरमोडच झाला. दोर गुंडाळून माणसं पांगली. आप्पांच्या डोक्यावर टोपलीतली भिजलेली कोंबडी येऊन बसली होती. तिला त्यांनी हळूच खाली ठेवलं, आणि कितीतरी वेळ खोकून झाल्यावर म्हणाले,

"शिवा, मला पवाय येत न्हाई. दर्यात तुला काय झालं तर मी काय करनार, म्हून गप हुतो."

मी त्यांच्या बुटांतलं पाणी ओतत राहिले.

"जा तू मालवनला. पन तुज्या आईला ह्ये सांगू नगंस. लगीन ठरताना मी कृष्णा पवून गेलोय म्हनलो हुतो."