बेल वाजवणाऱ्याचं ताट

बारा वाजून दहा मिनिटांनी सणाचा स्वयंपाक तयार झाला, पण जेवायला कुणी बसलं नाही. बेल वाजली नव्हती.

नियम आईचा होता. सणाच्या दिवशी पहिलं ताट बाहेरच्या माणसाचं. जो पहिली बेल वाजवील त्याचं. त्याला बोलावायचं नाही, त्यानं आपणहून यायचं. "आपणच शिजवायचं आणि आपणच गिळायचं, याला सण म्हणत नाहीत, भूक म्हणतात," असं ती म्हणायची. तिकडे, मायदेशातल्या घरी, चाळीस वर्षं हे सुरळीत चाललं, कारण तिकडे अकरापर्यंत बेल तीनदा तरी वाजायची. पोस्टमन, इस्त्रीवाला, मजला चुकलेला कुणीतरी. एकदा विमा विकणारा आला होता. तो पोटभर जेवला आणि विमा विकायचं विसरून गेला.

आई गेली आणि लेकीनं बाबांना परदेशात आपल्याकडे आणलं. त्याला आठ महिने झाले होते. आईशिवायचा हा पहिलाच सण. आणि इथे न कळवता बेल कुणीच वाजवत नाही. सख्खा भाऊसुद्धा पंधरा दिवस आधी विचारून येतो.

"बाबा, या वर्षी बसू या का तसंच?" लेकीनं विचारलं.

"बसा ना. मी कोण सांगणार? मी चार दिवसांचा पाहुणा."

हे बाबा रोज म्हणत. बॅग पलंगाखाली भरलेलीच होती. त्यातून सदरा काढायचा, घालायचा, धुऊन वाळवून परत बॅगेत. दार वाजलं तरी ते जागचे हलत नसत. "पाहुण्यानं दार उघडू नये," म्हणत.

लेकीनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताटं झाकली. "थांबू या थोडं."

"किती थोडं?" आठ वर्षांच्या नातीनं विचारलं. तिला सगळे मिरची म्हणत, आणि उपाशी असली की ती जास्तच झोंबत असे.

जावयाला युक्ती सुचली. त्यानं मोबाइलवरून भांड्यांची घासणी मागवली, तासात घरपोच. मग दाराला कान लावून उभा राहिला. पावलं वाजली, थांबली. बेल वाजेना. जावयानं दार उघडलं आणि जोरात "या, या!" म्हणाला. पार्सलवाला खाली वाकून घासणीचा फोटो काढत होता. तो दचकला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला. लगेच मोबाइलवर फोटो आला. घासणी, आणि शेजारी जावयाचे अनवाणी पाय.

"आई असती तर त्याला जिन्यात गाठून जेवायला घातलं असतं," लेक म्हणाली.

"तुझी आई होती ती. मला गुडघे आहेत," जावई म्हणाला.

मग मिरचीला आठवलं की खालच्या मजल्यावरच्या बाईंना आवाज अजिबात खपत नाही. "आपण दंगा करू. त्या भांडायला येतील. बेल वाजवावीच लागेल ना!"

बाबांनी मान डोलावली. भांडायला आलेला माणूस आपणहूनच येतो. जावयानं खुर्च्या इकडून तिकडे ओढल्या, लेकीनं पातेल्यावर झारा बडवला, मिरचीनं पलंगावरून सतरा उड्या मारल्या. शेवटी लेकीच्या मोबाइलवर बाईंचा निरोप आला. 'सणाच्या शुभेच्छा. मुलीला मनसोक्त खेळू द्या. मी कानात बोळे घातले आहेत.'

"मेली ऐन वेळेला सुधारली," लेक म्हणाली.

दोन वाजले. जावयानं प्लंबरला फोन लावला.

"बोलावलेला चालत नाही," बाबा म्हणाले.

"नळासाठी बोलावतोय बाबा, जेवायला नाही."

बाबांनी विचार केला. हे ऐकून आई हसली असती, म्हणजे चालेल.

"पण नळ तर चांगला आहे," मिरची म्हणाली.

"आत्ता आहे," असं म्हणून जावयानं पाना काढला. "थोडासा सैल करतो." तो जन्मभर कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस. थोडासा म्हणजे किती, हे त्याला ठाऊक नव्हतं. नळ त्याच्या हातात आला आणि पाण्याची धार थेट छताला लागली.

"अहो, मेन कॉक बंद करा!"

"कुठे असतो तो?"

"मला काय विचारता? घर तुमच्या नावावर आहे!"

लेक टॉवेल कोंबत होती, जावई कपाटात डोकं घालून मेन कॉक शोधत होता, मिरची छत्री घेऊन ताटांपाशी उभी होती. या गडबडीत बाबा हळूच उठले आणि रस्त्यावर गेले. आता माणूस आपणच गाठायचा, नियम जरा वाकला तरी वाकला. कुत्रा फिरवणारा एक जण दिसला. बाबांनी दोन्ही हात जोडले, मग पोटावरून हात फिरवला, मग वरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तो माणूस रस्ता ओलांडून गेला. कुत्रा मात्र बराच वेळ मागे वळून बघत होता.

बाबा जिना चढून वर आले. दार आपोआप लागलं होतं. किल्ली नव्हती. त्यांनी बेल वाजवली.

आत एकच जल्लोष झाला. मेन कॉक नुकताच सापडला होता. तिघं निथळत दाराकडे धावले. दार उघडलं, आणि तिघांचे चेहरे पडले.

"मीच आहे," बाबा ओशाळून म्हणाले.

"बेल वाजली," मिरची म्हणाली. "न बोलावता."

"अगं, मी घरचा माणूस!"

"घरचा? रोज तर म्हणता, पाहुणा आहे म्हणून."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिनं पाट मांडला आणि ताट वाढलं. मग आई जशी बसायची तशी पदराला हात पुसत समोर बसली. बाबांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी पडलंय."

"पाहुणे मीठ काढत नाहीत, बाबा," लेक म्हणाली. "ते घरचे काढतात."

बाबांचा हात ताटातच थांबला. तेवढ्यात बेल वाजली. प्लंबर आला होता. जावई उठायला लागला, तर बाबांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं आणि खरकट्या हातानं दाराकडे निघाले.

"तुम्ही बसा सगळे. दारात घरचं कुणी नको का?" जाता जाता ते थांबले. "आणि मिरचे, ती पलंगाखालची बॅग ओढ बाहेर. खाली पाणी गेलं असेल. सदरे कपाटात ठेव."